भिंतीला लोणा लागलाय, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापू का?

प्रश्न : आम्ही २००६ पासून एका जुन्या विटांच्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहतो. करार साध्या कागदावर आहे, नोंदणी नाही, दुरुस्तीचा उल्लेखही नाही. मागच्या अंगणाकडच्या दोन भिंतींचा गिलावा आतून कमरेपर्यंत फुगून पडतोय. सासूबाईंना दमा आहे, त्यांना त्या खोलीत झोपवत नाही. दोन वर्षांपूर्वी मालकांनी अंगणात भर घालून फरशी बसवली. ते म्हणतात, ओल तुमच्या न्हाणीघराची आणि दुरुस्ती तुम्ही करायची असं तोंडी ठरलं होतं. सिमेंटचा गिलावा करून खर्च भाड्यातून कापायचा आमचा विचार आहे. पण भिंतीला हात लावलात तर घर खाली करा, असं त्यांनी बजावलंय.

उत्तर : गवंड्याला सध्या थांबवा. खर्च वळता करून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण पायऱ्या चुकल्या तर तोच हक्क थकबाकीच्या दाव्यात तुमच्या अंगावर येईल. शिवाय ओल कुठून आली हे आज भिंतच सांगतेय. तिच्यावर सिमेंट चढलं की ते दाखवणं अवघड होईल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. उलट करार असेल तरच हा भार भाडेकरूवर जातो. तसा करार तोंडी झाल्याचं मालक म्हणतात, पण तिथे कलम ५५ त्यांच्या आड येतं. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानंतरचा भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. ती पाळली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं आणि ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर येतं.

आता न्हाणीघराचा आरोप. तुमच्या वापरातल्या नळाची किंवा मोरीची गळती असेल, तर कलम १४ चा आधार लंगडा पडतो. म्हणून भिंत नीट बघा. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या सगळ्या लांबीभर साधारण एकाच उंचीवर थांबते, बहुधा मीटरभर, आणि त्या रेषेवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटतो. नळाची गळती नळाभोवती डाग धरते आणि लांब जाताना विरत जाते. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडे झुकतं. अंगणातली भर जोत्याच्या वर आली असेल, तर जोत्यावरचा ओल अडवणारा थर असूनही निरुपयोगी ठरतो, कारण पाणी त्याच्या वरूनच विटेत शिरतं. आतली जमीन आणि बाहेरची फरशी यांची पातळी मोजा, टेप लावून फोटो काढा, ओलीच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. फोटो मोबाइलमधून पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ते कोर्टात प्रमाणपत्रासह द्यावे लागतात. स्थापत्य अभियंत्याकडून कारण नमूद केलेला लेखी अहवाल घ्या. या सगळ्या कामात पैसे खर्चायचे तर ते इथे खर्चा.

मग नोटीस. किमान १५ दिवसांची, लेखी, स्पीड पोस्टाने आणि पोच राखून. तीत अहवालाची प्रत जोडा, मालकांना पाहणीसाठी तारीख द्या आणि वाजवी मुदतीत काम झालं नाही तर आम्ही करून खर्च वळता करू, असं स्पष्ट लिहा. एक शब्द मात्र जपून वापरा : 'धोकादायक'. पालिकेने त्या शब्दावर पाडकामाचा आदेश काढला, तर याच भाडे कायद्याच्या कलम १६ खाली मालक ताबा मागू शकतात आणि तुमचीच जागा जाऊ शकते. नुसता गिलावा नव्हे, भिंतच फुगली असेल, तडे रुंदावत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जीव आधी.

नोटिशीनंतरही मालक हलले नाहीत, तर काम तुम्ही करू शकता. पण वर्षभरात कापता येणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे फार तर तीन महिन्यांचं भाडं. त्याहून जास्त कापलंत तर वरचं सगळं थकबाकी ठरेल आणि मालक कलम १५ ची, थकलेलं भाडं मागणारी ९० दिवसांची नोटीस पाठवू शकतील. खर्चाचा हिशेब आणि पावत्या व्यवस्थित ठेवल्या, तर कलम १४ त्यांना निर्णायक पुरावा मानतं. गवंड्याची मजुरीसुद्धा सहीच्या पावतीवर द्या.

ही मर्यादा तुम्हाला जाचक वाटेल, पण भिंतीचीही चाल तशीच संथ असते. आधी बाहेरचं पाणी तोडायचं : भर खाली घ्यायची, फरशीचा उतार भिंतीपासून लांब करायचा, पन्हळ दुरुस्त करायची. अंगण मालकांच्या ताब्यात असेल तर या कामाची मागणी नोटिशीत वेगळ्या परिच्छेदात करा, परस्पर फरशी उखडू नका. मग आतला सडका गिलावा रेषेच्या वरपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवायची. ठोकताळा असा की भिंत महिन्याला साधारण एक इंच सुकते, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊएक महिने. नवा गिलावा सहसा पुढच्या वर्षीच्या हिशेबात येतो. तो चुन्याचा करा. जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा ओल कोंडून ठेवतो आणि ती आणखी वर सरकते.

गिलावा बदलणं म्हणजे कायमचं बांधकाम नव्हे, त्यामुळे मालकांच्या धमकीला घाबरू नका. ओल अडवणारं रसायन भरण्यासाठी भिंतीला ओळीने भोकं पाडायची असतील, तर मात्र मालकांच्या लेखी संमतीशिवाय ते करू नका. दुरुस्तीसाठी महिनाभर दुसरीकडे राहा, अशी गोड सूचना आली तरी नुसत्या शब्दावर किल्ली देऊ नका. परत येण्याचा तुमचा हक्क कागदावर आल्याशिवाय बाहेर पडू नका.

या पायऱ्या पूर्ण करून खर्च वळता करेपर्यंत भाडं दरमहा पूर्ण, बँकेतून भरत राहा. अहवाल हाती येईपर्यंत सासूबाईंचा पलंग त्या भिंतीपासून दूर, कोरड्या खोलीत हलवा.