आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी भूरूपांवरील पुस्तक कसे निवडावे?

डोंगर, दरी, पठार यांच्या व्याख्या व चित्रे देऊन थांबणाऱ्या पुस्तकापेक्षा ती भूरूपे कशी घडली हे सांगणारे पुस्तक निवडावे. कारण एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात हे वाचल्यावर, समुद्रतळ इतका उंच कसा गेला, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते आणि भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरील कठीण थराच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांची, टक्कर समजून घ्यायला तयार होते.

पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती मात्र अवश्य तपासावी. अनेक चित्रांत प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, उकळत्या लाव्ह्यासारखे दाखवलेले असते. प्रत्यक्षात ते बहुतांशी घन असून अतिशय संथपणे सरकते. हा गैरसमज पुढे अनेक वर्षे टिकतो, म्हणून अशी आकृती असलेले पुस्तक, कितीही देखणे असले तरी, मी सुचवणार नाही.