जुन्या ख्रिस्ती गीतांतले 'एबन-एजर', 'एजोब', 'पिसगा', 'सेला' हे शब्द आज कुणाला कळत नाहीत. मग ते काढून सोपे शब्द का घालू नयेत?

घालू नयेत. निदान 'एबन-एजर'च्या जागी तरी नाहीच नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे शब्द आले की तरुण मुलं नुसते ओठ हलवतात. नेमकं हेच कारण पुढे करून माझ्या धाकट्या भावाने आमच्या मंडळीच्या गीत कमिटीत हे शब्द काढायचा ठराव आणला होता. तो मंजूर झाला आणि तेव्हापासून आम्हा बहीणभावाचं बोलणं 'जेवलास का' आणि 'तब्येत कशी आहे' एवढ्यावर आलं आहे. या गोष्टीला आता अकरा-बारा वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते. १९६६ साली त्यांनी जेलरोडच्या बाजूला छोटा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. पैसे बेताचे, म्हणून पाया दोन-अडीच फुटांवरच थांबवला. खाली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंत आज ना उद्या फाटतेच. चौथ्या पावसाळ्यात रात्री मागची भिंत बसली. मी सहा वर्षांची होते. आईचं डावं मनगट मोडलं, ते नीट सांधलं नाही. पुढे आयुष्यभर ती पोळी उजव्या हाताने लाटायची आणि डाव्या हाताच्या कोपराने पोळपाट दाबून धरायची.

आम्ही पुन्हा भाड्याच्या खोलीत गेलो, तिथे सहा वर्षं काढली. जागा लाभत नाही, विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. बाबांनी विकली नाही. १९७६ साली त्याच जागेवर मुरूम लागेपर्यंत खणून त्यांनी घर उभं केलं. पडलेल्या घराच्या पायातला एक काळा दगड त्यांनी बाजूला ठेवला होता. तो पाथरवटाकडे नेऊन त्यावर 'एबन-एजर' कोरून घेतलं आणि पायरीच्या उजव्या बाजूला बसवला. पाथरवटाने अक्षरांचा अंदाज न घेता सुरुवात केली, त्यामुळे शेवटचा 'र' दगडाच्या कडेला येऊन चेपला गेला आहे. मधल्या रेघेची खाच इतकी खोल गेली की पावसाळ्यात तिच्यात पाणी साठायचं.

पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे विचारायचे, हे कुणाचं नाव? बाबा म्हणायचे, बसा, सांगतो. आणि गोष्ट बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायापासून कधीच सुरू करायचे नाहीत, चौथ्यापासून करायचे.

सातव्यातला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. इस्राएलाचे शत्रू पलिष्टी यांचा पराभव झाला, शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये एक धोंडा उभा केला, इथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केलं असं म्हणून त्याला एबन-एजर नाव दिलं. एबन म्हणजे दगड, एजर म्हणजे साहाय्य. कमिटीला एवढंच माहीत होतं. पण हे नाव पुस्तकात त्याआधी येऊन गेलेलं आहे. चौथ्या अध्यायात इस्राएलाची छावणी एबन-एजर इथेच पडली होती आणि तिथेच त्यांची धूळधाण झाली. आधी चार हजार माणसं पडली, मग तीस हजार. देवाचा कोश, म्हणजे त्याच्या कराराची पवित्र पेटी, शत्रूने उचलून नेला. याजक एलीचे दोन्ही मुलगे मारले गेले आणि ती बातमी ऐकून म्हातारा एली आसनावरून मागे कोसळला, मान मोडून मेला. कोश परत आला, पण किर्याथ-यारीमात वीस वर्षं पडून राहिला. त्यानंतर शमुवेलाने दगड उभा केला, आणि जगात इतकी नावं असताना त्याला हरलेल्या लढाईच्या ठिकाणाचं नाव दिलं.

जिथे आपटलो तिथेच साहाय्याचा दगड. बाबांनी हे पुस्तकात वाचलं होतं आणि जेलरोडला बांधून दाखवलं होतं.

आता गीताबद्दल. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १७५८च्या सुमारास लिहिलेलं 'कम दाउ फाउंट' आमच्या मंडळीत मराठीत गायलं जायचं, कुणीतरी जुन्या वहीत उतरवून ठेवलेलं. दुसऱ्या कडव्यात मूळ इंग्रजीप्रमाणेच 'एबन-एजर' होतं. नव्या पुस्तकात तिथे 'कृपा तुझी' छापलं. 'कृपा तुझी' कुठल्याही गीताच्या कुठल्याही ओळीत बसतं. ज्या शब्दाच्या पोटात चौतीस हजार प्रेतं आणि वीस वर्षांची वाट पाहणं होतं, तो काढून चालीत बसणारं भरताड घातलं. इंग्रजी गीतपुस्तकांतूनही काहींनी हा शब्द काढला आहे, तेही चुकलंच आहे.

बाबा २०१४च्या फेब्रुवारीत प्रभूघरी गेले. घरून निघण्याआधीच्या प्रार्थनेत हे गीत घेतलं, त्यांचं आवडतं म्हणून. भाऊ बाजाच्या पेटीवर होता. शवपेटी पायरीवरून उतरवताना खांदेकऱ्यांना वळायला जागा नव्हती, शवपेटीची कड त्या दगडाला घासली. आणि नेमकं तेव्हा सगळे नव्या पुस्तकातून 'कृपा तुझी' म्हणत होते. मी एकटीने मोठ्याने 'एबन-एजर' म्हटलं. भावाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचं म्हणणं, ताई, तू भर अंत्यविधीत मला खाली पाहायला लावलंस. माझं म्हणणं, दगड समोर दिसत असताना तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

त्याचा मुद्दा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा असतो. टिळकांनी अभंग आणि ओवीत लिहिलं, त्यांना कुठे असले परके शब्द लागले? टिळक तरुणपणी नाशिकात शिकले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच जलालपूरच्या, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे जरा जास्तच जोराने मांडला जातो. टिळकांनी स्वतःचं गीत स्वतःच्या भाषेत रचलं. दुसऱ्याचं गीत घेऊन त्यातला कणा काढणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला टिळकांचं नाव देऊ नये.

आणि 'परका शब्द' म्हणजे काय? गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत म्हटलं की एक समजतं, गळ्यापर्यंत म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. नागपूरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. म्हणून आपण मारुती सोडून नुसते फूट सांगायचे का? त्याला एकदा रामकुंडावर नेऊन मूर्ती दाखवायची आणि १९६९चा पूर सांगायचा. पुढच्या वेळी तोच विचारेल, मारुतीच्या कुठवर?

आमच्या शेजारच्या आजी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण अभंगात अजामेळ आला, गजेंद्र आला की त्यांना पूर्ण कथा माहीत. कारण कीर्तनकार अभंगाची ओळ घेऊन अर्धा तास आख्यान लावतो. तुमची मुलं ओठ हलवतात त्याचं खरं कारण इथे आहे. शब्द जुना झाला नाही, सांगणारा माणूस उठून गेला. गीत घ्यायच्या आधी पेटीवाल्याने किंवा पाळकांनी तो अध्याय मोठ्याने वाचावा, पाच मिनिटं लागतात. मी संडे स्कूलमध्ये हे केलं आहे. एली मान मोडून पडला म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली.

बाकीचे शब्द. एजोब हे एक झुडूप. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याची जुडी कोकऱ्याच्या रक्तात बुडवून दाराच्या चौकटीला लावतात, लेवीयच्या चौदाव्यात कुष्ठ्याच्या शुद्धीला वापरतात, आणि योहानाच्या एकोणिसाव्यात आंबट द्राक्षारसाचा स्पंज एजोबावर बसवून येशूच्या तोंडाला लावतात. स्तोत्र ५१ मध्ये दावीद एजोबाने शुद्ध कर म्हणतो तेव्हा तो स्वतःला कुष्ठ्याच्या जागी उभा करतोय. 'माझं मन धू' असा बदल कुणी सुचवला तर हे सगळं त्यांच्यापुढे ठेवा. पिसगा हे शिखर, बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा अध्याय ३४. मोशेने तिथून वचनदत्त देश डोळे भरून पाहिला, पण त्यात पाऊल ठेवता आलं नाही, तिथेच वारला. गीतात पिसगा आला की गाणारा म्हणतोय, मला दिसतंय, मी अजून पोचलेलो नाही.

दोन गोष्टी कबूल करते. काही अभ्यासक चौथ्या आणि सातव्या अध्यायातली ठिकाणं नकाशावर वेगवेगळी मानतात. असतील. पुस्तकाने नाव एकच ठेवलंय, माझा भर त्यावर आहे. आणि गीतांच्या काही जुन्या भाषांतरांत नावं इंग्रजी उच्चाराने आली आहेत, आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, इब्री (हिब्रू) उच्चाराने. 'एबेनेझर' शोधणाऱ्या मुलाला 'एबन-एजर' सापडत नाही. गीतातला उच्चार शास्त्राप्रमाणे करून घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. भावाने तेवढंच केलं असतं तर मीच त्याला प्रुफं तपासून दिली असती.

राहिला 'सेला'. तो स्तोत्रांत एकाहत्तर वेळा येतो आणि बहुधा वाजवणाऱ्यांसाठीची खूण आहे, थांबा किंवा वाद्यं वाजवा अशा अर्थाची. तुमच्या पुस्तकात तो कडव्याच्या शेवटी छापला असेल तर गाऊ नका. तिथे पेटीवाल्याला दोन ओळी एकट्याने वाजवू द्या.