रेडिएशननंतर बोन स्कॅनमध्ये बरगडीवर डाग दिसला: कॅन्सर हाडात गेला का?

डावीकडच्या स्तनाला रेडिएशन झालं असेल आणि डाग त्याच बाजूच्या पुढच्या बरगड्यांवर असेल, तर लगेच तसं धरू नका. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं टेक्निशियम (किरणोत्सारी द्रव्य) हाड जिथे दुरुस्त होतंय तिथे जमतं. त्या दुरुस्तीमागे कॅन्सरच असेल असं नाही. रेडिएशनने बरगडी ठिसूळ होते आणि कधी नुसत्या खोकल्यानेही बारीक चीर जाते, काहींना दुखतसुद्धा नाही.

डागाचा आकार नीट बघावा लागतो. ओळीने दोन-तीन बरगड्यांवर, एकाखाली एक असे ठिपके बहुधा फ्रॅक्चरचे असतात. एकाच बरगडीच्या लांबीभर पसरलेला पट्टा जास्त संशयास्पद. रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर, म्हणजे मणके किंवा कंबरेच्या हाडात, नवा डाग असेल तर तपास लांबवू नका. उरोस्थीवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) एकटा डागही मी हलक्यात घेणार नाही.

रेडिएशनचा प्लॅन (किरण नेमके कुठे दिले त्याची नोंद) आणि जुना स्कॅन रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना द्या, हे बरेचदा राहून जातं. मग त्या जागेचा सीटी. तरीही शंका राहिली तर एमआरआय किंवा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. चीर भरली की डाग सहसा फिका होतो. रेडिएशन झालेल्या बरगडीची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) शेवटी, कारण तिथली जखम हळू भरते.