पानांचे ठसे फार हुबेहूब येतात. निसर्गातल्या नक्षीवरून अमूर्त ठसे करायचे आहेत, घरी प्रेस नाही. सुरुवात कशी करू?

पानाला शाई लावून दाबलं की कागदावर पानच उमटतं, ही तुमची अडचण मला अगदी ओळखीची आहे. मी दोन पावसाळे पिंपळाची, सागाची, फणसाची पानं दाबण्यात घालवले. ठसे सुरेख यायचे, पण बघणारा ‘हे पिंपळाचं’ म्हणून पुढे सरकायचा. शेवटी पानं बाजूला ठेवली आणि शाईलाच फांद्या फुटू दिल्या.

फोटोफ्रेमच्या दोन छोट्या काचा घ्या. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर बोटं कापतात. ओळखीच्या छापखान्यातून थोडी काळी ऑफसेटची शाई मागून आणा, तिच्यात जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब घालून घोटा. वाटाण्याएवढी शाई एका काचेच्या मधोमध ठेवा, दुसरी काच वरून दाबा, शाई पुरीएवढी पसरू द्या. मग वरची काच सरळ वर उचला. चर्र आवाज येतो, आणि दोन्ही काचांवर शिरा उभ्या राहिलेल्या दिसतात.

होतं काय, तर काच उचलताच कडेने हवा आत घुसते. पातळ हवा घट्ट शाईला ढकलते तेव्हा सीमारेषा सरळ राहत नाही, हवेला बोटं फुटतात. त्या बोटांच्या मधे उरलेली शाई म्हणजे आपल्या शिरा: कडेला केसासारख्या बारीक, मध्याकडे येताना एकमेकींना मिळत जाणाऱ्या, उपनद्यांसारख्या. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये याचं गणित मांडलं. तुमच्या कामाचा भाग एवढाच, की काच झटकन उचलली तर फांद्या बारीक आणि दाट येतात, सावकाश उचलली तर जाड आणि मोजक्या. तेल वाढवलं तरी जाडच.

खरी कसोटी कागदावर. माझे पहिले वीसेक कागद इथेच गेले, कारण सवयीने मी कागदाची पाठ चमच्याने घासत होतो आणि शिरा चेपून नुसता काळा डाग पडत होता. कागद ओला करून टिपून घ्या, अलगद ठेवा, तळहात एकदाच फिरवा. मग त्याच काचेवर लगेच दुसरा कागद ठेवा. जादा शाई पहिल्याने नेलेली असते, त्यामुळे दुसऱ्यावर शिरा करड्या आणि मोकळ्या उमटतात. मी जपून ठेवलेले बहुतेक ठसे दुसऱ्या कागदाचेच आहेत.

रंगात जायचं असेल तर छापचित्रकार कृष्णा रेड्डींचं काम जरूर बघा, विशेषतः १९६३ चं ‘व्हर्लपूल’, म्हणजे भोवरा. पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत त्यांनी आणि कैको मोती यांनी एकाच पत्र्यावर कमी-जास्त तेलाच्या शाया चढवून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची रीत घडवली. घट्टपणा वेगळा असला की त्या शाया एकमेकींत मिसळत नाहीत. रेड्डींच्या भोवऱ्यात पाणी कुठेही ‘काढलेलं’ वाटत नाही, तरी ते गरगरतं. मला तरी अमूर्त ठशाचा याहून चांगला धडा सापडलेला नाही.

ठसे वाळले की चारही बाजूंनी फिरवून बघा. एखाद्यात झाड दिसायला लागलं तर तो उलटा करा, मुळं दिसली तर आडवा. ज्या बाजूने काहीच ओळखता येत नाही पण नजर हलत नाही, त्या बाजूला खाली पेन्सिलीने सही करा. आणि हो, काचा आधी गोडेतेलाने पुसा, मगच साबण लावा.