दादरमध्ये फ्रँचायझी घेताना करारात काय तपासावे?

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे आपण सही कराल तो करारनामाच बहुतांशी आपला कायदा ठरतो. करार सुरू असताना प्रतिस्पर्धी कंपनीचा माल न विकण्याची अट 1995 च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. मात्र करार संपल्यावरही तोच धंदा करू नये, ही अट भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. तरीही करार संपल्यावर ब्रँडची पाटी, नाव आणि बोधचिन्ह उतरवावे लागते.

मुंबईत खरी अडचण बहुधा गाळ्याची होते. फ्रँचायझी नऊ वर्षांची आणि जागेचे लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक काळ जागा वापरण्याच्या परवानगीचा करार) तीन वर्षांचे असेल, तर मालकाने नूतनीकरण नाकारताच कंपनीकडे भरलेले शुल्क अडकते; म्हणून जागा गेल्यास स्थलांतराची किंवा परताव्याची तरतूद आधीच लिहून घ्यावी. जागेचा करार नोंदणीकृतच हवा. आणि हो, ब्रँड कितीही परदेशी असला तरी दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते, इतर लिपीपेक्षा लहान अक्षरे चालत नाहीत.