ऑक्सवर आवाज बारीक येतो? ॲम्प्लिफायर घेण्याआधी प्लेअरकडे बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: गाडी २०१३ ची, स्टिरिओ नंतर बसवून घेतलेला, आणि मुलाने जर्मनीहून पाठवलेला छोटा म्युझिक प्लेअर त्याच्या ऑक्सला (बाहेरचं उपकरण वायरने जोडायच्या भोकाला) जोडलाय. एफएम १५ वर दणदणीत वाजतं. प्लेअरचा आवाज मात्र पूर्ण वाढवून स्टिरिओ ३५ वर नेला तरी गाणं कुठून तरी शेजारच्या घरातून आल्यासारखं. दुकानदार म्हणतो ॲम्प्लिफायर टाका. टाकू का?

नका टाकू. मी टाकून बसलोय. माझ्या आधीच्या गाडीत हेच रडगाणं होतं, आणि अशाच एका सल्ल्यावरून मी डिकीत चार चॅनेलचा ॲम्प बसवला, बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली, फ्यूज टाकला, दोन रविवार घालवले. पहिल्या दिवशी खूश होतो. मग लक्षात आलं की एफएम आता ८ वरच कान फाडतंय आणि ऑक्सला अजूनही २८ लागतायत. दोघांतलं अंतर जिथल्या तिथे. शिवाय दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत सूंऽऽ असा आवाज, जो आधी कधी ऐकू आला नव्हता. ॲम्प बसतो साखळीच्या शेवटी. त्याच्यापर्यंत जे किडूकमिडूक पोचलं तेच तो मोठं करतो, आणि त्याबरोबरची घाणही मोठी करतो. तुमचा आवाज हरवतोय साखळीच्या सुरुवातीला, त्यामुळे इलाजही तिथेच करायचा.

ऑक्सच्या भोकात जो सिग्नल जातो त्यात वॅटचा हिशेब नसतो, व्होल्टचा असतो. स्टिरिओचा ऑक्स करंट जवळजवळ ओढतच नाही, त्याला फक्त पुरेसं व्होल्टेज हवं असतं. घरच्या सीडी प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांमधून पूर्ण पातळीला २ व्होल्ट निघतात. बरेचसे स्टिरिओ ऑक्सकडून साधारण एक-दोन व्होल्टची अपेक्षा ठेवतात. हेडफोनच्या भोकातून चांगला फोन किंवा लॅपटॉप अर्धा ते एक व्होल्ट देतो, म्हणजे एफएमपेक्षा चार घरं जास्त फिरवलं की काम भागतं. मग तुमच्या प्लेअरचं काय?

ग्यानबाची मेख इथे आहे. युरोपात ईएन ५०३३२ नावाचं मानक आहे, लोकांचे कान वाचवण्यासाठी केलेलं. सोबत दिलेल्या इअरफोनवर आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि प्लेअर सुटा विकला तर त्याच्या भोकातून १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त बाहेर पडू द्यायचे नाहीत. २०१३ पासून त्यावर आणखी एक पायरी आली: ८५ डेसिबलच्या वर जायचं तर प्लेअर आधी इशारा देतो आणि तुमच्याकडून होकार घेतो, आणि तसं २० तास ऐकून झालं की पुन्हा विचारतो. हेतू उत्तम. पण १५० मिलिव्होल्ट कानातल्या इअरबडला पुरतात, गाडीच्या ऑक्सला नाही. एका व्होल्टच्या मानाने ते साडेसहापट कमी, म्हणजे १६ डेसिबलहून जास्त तूट. कानाला १० डेसिबल म्हणजे ढोबळमानाने दुप्पट-निम्मं असतं, तेव्हा १६ डेसिबल किती ते तुम्ही रोज गाडीत ऐकताच आहात. हेच मॉडेल भारतात घेतलं असतं तर कदाचित हा प्रश्नच पडला नसता. एकाच वस्तूच्या अशा दोन आवृत्त्या असतात. ॲपलचा तो छोटा यूएसबी-सी ते हेडफोन अडॅप्टरच घ्या: अमेरिकेत विकला जाणारा सुमारे १ व्होल्ट देतो, युरोपातला त्याच्या निम्मा.

अर्थात मी इथे बसून निदान करतोय, तेव्हा आधी खात्री करून घ्या. तीच वायर, तेच गाणं, फक्त प्लेअरच्या जागी घरातला एखादा फोन किंवा लॅपटॉप लावा. आवाज एकदम वर आला तर दोष प्लेअरच्या पातळीचा. तितकाच बारीक राहिला तर स्टिरिओच्या सेटिंगचा किंवा वायरचा. मल्टिमीटरने मोजायचा मोह झाला तर आधी त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज बघा. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरची ती २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर १५० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ किंवा ०.२ दिसणार, त्यातून काही कळत नाही.

वायरबद्दल एक गंमत सांगतो. पिन अर्धवट बसली किंवा तिची अर्थिंगची (ग्राउंडची) तार तुटली की कधीकधी तबला, पेटी, मागचा घुमारा सगळं ऐकू येतं आणि गायकच गायब होतो. गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. अर्थिंग सुटलं की स्पीकरला फक्त दोन बाजूंमधला फरक मिळतो, त्यात जे सारखं ते वजा होऊन जातं. असं होत असेल तर पिन काढून भोकात टॉर्च मारा. खिशातल्या कापडाचा दाबून बसलेला गोळा निघतो बऱ्याचदा. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, टाचणी नको. आणि सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर घेऊन व्होल्टेज वाढत नाही, तिथे पैसे घालू नका.

प्लेअरचं निदान पक्कं झालं तर पहिले उपाय फुकटचे. प्लेअरच्या मेनूत आवाजावर मर्यादा घालणारं काही आहे का बघा. सोनीच्या प्लेअरमध्ये एव्हीएलएस असतं, आयपॉडमध्ये व्हॉल्यूम लिमिट आणि साउंड चेक. ते बंद करा. इक्वलायझरही सपाट ठेवा. बास वाढवून आवाज मोठा केल्यासारखा वाटतो, पण फाटतो. (इंटरनेटवर प्लेअरचा प्रदेश बदलून मर्यादा उठवायच्या युक्त्याही सापडतील. मुलाने प्रेमाने पाठवलेल्या वस्तूची वीट करायची (म्हणजे ती कायमची बंद पाडायची) असेल तरच त्या वाटेला जा.)

मग स्टिरिओच्या सेटिंगमध्ये शिरा. ही जागा लोक हमखास विसरतात. जवळजवळ प्रत्येक ब्रँडने प्रत्येक सोर्सची (एफएम, यूएसबी, ऑक्स वगैरेची) पातळी वेगळी ठरवायची सोय दिलेली असते, फक्त नाव निराळं. पायोनियरमध्ये ती एसएलए (सोर्स लेव्हल ॲडजस्टमेंट) म्हणून दिसते; तिथे एफएम पाया धरलेलं असतं आणि बाकीचे सोर्स त्याच्या तुलनेत वर-खाली करायचे. सोनीच्या स्टिरिओत ऑक्स लेव्हल, केनवूडमध्ये व्हॉल्यूम ऑफसेट, फोक्सवॅगन-स्कोडाच्या कंपनी-फिटेड सेटमध्ये ऑक्ससाठी हळू, मध्यम, मोठा अशा पायऱ्या. ऑक्स निवडलेला असतानाच मेनू उघडा, नाहीतर बऱ्याच सेटमध्ये तो पर्याय दिसतच नाही. माझ्या आताच्या सेटला एवढ्यानेच पुरलं होतं. १६ डेसिबलची तूट मात्र सगळ्याच सेटमध्ये भरून निघत नाही.

नाही पुरलं तर मधे एक छोटा हेडफोन ॲम्प घाला, फिओ वगैरे बनवतात तसला काडेपेटीएवढा, स्वतःची बॅटरी असलेला. प्लेअरमधून त्यात, त्यातून ऑक्समध्ये. तुम्हाला चार-पाचपट वाढ पुरे, म्हणजे १२ ते १४ डेसिबल गेन. घेताना वॅट बघू नका, गेन बघा. पातळी अशी लावा: प्लेअर पूर्ण किंवा त्याच्या एक-दोन घरं खाली, इक्वलायझर बंद, स्टिरिओ रोजच्या १५ वर, आणि मग ॲम्पची चकती हळूहळू फिरवत एफएमच्या बरोबरीला आणा. सगळ्यात जोरकस गाणं लावून ऐका. तार सप्तकात किंवा झांजेवर चरचर आली तर थोडं मागे या. तुमच्याकडे जुना आयपॉड असता तर मी ॲम्पऐवजी त्याच्या खालच्या रुंद डॉक कनेक्टरची लाइन-आउट वायर सुचवली असती. तिथून ठरावीक पूर्ण पातळीचा सिग्नल मिळतो, हेडफोनची भानगड मधे येतच नाही.

हा ॲम्प गाडीच्या चार्जरला लावून ठेवू नका. प्लेअर किंवा ॲम्प त्याच १२ व्होल्टवरून चार्ज होत असताना ऑक्सला जोडला की ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी सुरू होते, कारण अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात. त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. शिट्टी जाते, पण स्वस्तातल्यात खालचा बासही थोडा जातो. मी घरून चार्ज करून निघतो.

पण खरं सांगू? तुमच्या स्टिरिओला यूएसबी असेल तर हे सगळं सोडा आणि गाणी पेनड्राइव्हवर घाला. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, एमपी३ फाइली. सिग्नल आकड्यांच्या रूपात थेट स्टिरिओत जातो, तिथे पूर्ण पातळीला उलगडतो, १५० मिलिव्होल्टचा प्रश्नच उरत नाही. जुने सेट फ्लॅक प्रकारच्या फाइली वाचत नाहीत, तेवढ्या एमपी३ मध्ये बदलून घ्या. जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग मुळातच खालच्या पातळीला असतात. ती एमपी३गेन नावाच्या सॉफ्टवेअरने वर आणता येतात, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि नको वाटलं तर मागेही फिरता येतं. पण ख्यालाचा विलंबित आलाप आणि शेवटची द्रुत यांच्यातलं अंतर कुठल्याही गेनने कमी होत नाही, आणि ऐंशीच्या वेगाला टायरच्या घरघरीत आलाप बुडतोच. मी हल्ली गाडीत भावगीतं ऐकतो.

एक शेवटची सवय आजपासूनच लावा. मागे एकदा कोल्हापूरला जाताना मी असाच ऑक्स ३८ वर ठेवून सतार ऐकत होतो, वडील मागच्या सीटवर झोपलेले. आनेवाडीच्या टोलनाक्यावर थांबलो आणि सवयीने सोर्सचं बटण दाबलं. एफएम, ३८ वर, त्यात टायरची जाहिरात. वडील दचकून उठले, टोलच्या खिडकीतला मुलगाही मागे सरकला, आणि उजव्या दारातला स्पीकर त्या दिवसापासून जो खरखरायला लागला तो गाडी विकेपर्यंत. तेव्हा पातळी जुळेपर्यंत सोर्स बदलायच्या आधी आवाज खाली, मग बटण.

स्टिरिओचं मॉडेल कळवा, तो ऑक्सचा पर्याय त्यात कुठल्या मेनूत लपलाय ते बघून सांगतो.