शॉट डिव्हिजन पाळायचं की जादा कव्हरेज घ्यायचं?

तुमची पोस्ट वाचून लिहायला बसलोच. तुमचं शॉट डिव्हिजन, म्हणजे सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा त्याची लिस्ट, तयार आहे, कॅमेरावाला मित्र म्हणतोय सगळा सीन सगळ्या अँगलने घेऊन ठेवू, एडिटला बघू, आणि लोकेशन एकच दिवस. आमच्या पहिल्या शॉर्टफिल्मला डिट्टो हाच वाद झाला होता.

माझं मत स्पष्ट आहे, अँगलवर अँगल घेऊ नका. तेच संवाद पाच बाजूंनी असले तरी सीन लांबला की कापायचा कुठे हा प्रश्न तसाच राहतो. जादा घ्यायचंच असेल तर ऐकणाऱ्याचा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळचा शॉट घ्या, पूर्ण सीनभर, न थांबता. तो हातात असला की मधलं वाक्य उडवता येतं, एका टेकचा आवाज दुसऱ्या टेकवर टाकता येतो, पॉज वाढवता येतो. त्यानंतर हात, दार, टेबलावरची वस्तू असे दोन-तीन इन्सर्ट. बास.

आता आम्हाला सगळ्यात महागात काय पडलं ते सांगतो. लोकेशनची परवानगी देणारं ऑफिस, नाव घेत नाही. पत्रात नुसती तारीख, वेळ नाही, विचारलं तर म्हणाले दिवसभर करा हो. आणि शूटच्या दिवशी दुपारी वॉचमन आला की हॉल बंद करायचाय, त्याला बिचाऱ्याला तेवढंच सांगितलेलं, ज्यांची सही होती ते साहेब फोन उचलेनात, ऑफिसात जो तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतोय. तोपर्यंत आमचा मास्टर (सगळा सीन एकाच वाइड, म्हणजे लांबच्या शॉटमध्ये) आणि एका बाजूची सगळी सजेशन्स (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा) झाली होती. राहिला कुठला, तर बाप चिठ्ठी वाचतो तो क्लोज, ज्याच्यासाठी सीन लिहिला होता तोच! लाइट फिरवावे लागणार म्हणून तो शेवटी ठेवला होता. परत जायचं तर नवा अर्ज, नवी फी. शेवटी दुसऱ्या खोलीत भिंतीसमोर घेतला, उजेड जुळला नाही तो नाहीच. अजूनही त्या ऑफिसचा राग येतो, वेळ लिहून द्यायला दोन ओळी लागल्या असत्या.

म्हणून परवानगीपत्रावर किती ते किती ही वेळ आणि त्या दिवशी जागेवर निर्णय कोण घेणार त्याचा नंबर लिहून घ्याच. आणि लिस्टमधल्या प्रत्येक शॉटला विचारा, हा नसला तर सीन उभा राहतो का? नाही राहत ते शॉट ज्या बाजूला आहेत ती बाजू आधी लाइट करा. मास्टर पहिला घ्यायची पद्धत आहे आणि त्याला कारणही आहे, लाइट आणि हालचाली ठरून जातात, पण सुरुवात आणि शेवट वाइडवर येणार असेल तर तेवढाच तुकडा घेतलात तरी चालतं. अर्थात हे लिहिलेल्या संवादांच्या सीनबद्दल. लहान मुलं असतील किंवा नट आयत्या वेळी सुचेल ते बोलणार असतील तर दोन कॅमेरे लावा, तिथे माझा नियम लागू नाही.

जाता जाता, कॅमेऱ्यात सेकंदाला १०० मेगाबिट (१०० एमबीपीएस) रेकॉर्डिंगवर शूट केलंत तर तासाला साधारण ४५ जीबी होतात, बॅकअप धरून दुप्पट, आणि ते सगळं कोणालातरी बसून बघावं लागतं. आणि हॉल सोडायच्या आधी सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसता रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो, रेकॉर्ड करा, लोक सामान आवरायला लागले की तो मिळत नाही.